सर्व्हरमध्ये नेमक्या कुठल्या डिस्क आणि कुठलं रेड कार्ड आहे ते पेटी न उघडता कसं शोधायचं

डाटासेंटरमधल्या माणसाला "तिसऱ्या खणातली डिस्क काढ" असं सांगायच्या आधी आपल्याला शंभर टक्के खात्री असायला हवी की खराब डिस्क तीच आहे, कारण रेड-५ मधली एक डिस्क आधीच गेलेली असताना चुकून दुसरी चांगली ओढली की सगळा अ‍ॅरे बसतो. (रेड म्हणजे अनेक डिस्कांचा एक गट बांधून तो एकच मोठी डिस्क म्हणून वापरणं, त्या गटाला अ‍ॅरे म्हणतात, आणि रेड-५ मध्ये एकच डिस्क गेलेली चालते.) आणि बहुतेक वेळा हातात असतो फक्त एसएसएचचा, म्हणजे दुरून जोडलेल्या टर्मिनलचा, काळा स्क्रीन, सर्व्हर कुणी लावला माहीत नाही, कागद नाही, एक्सेल शीट असली तरी तीन वर्षं जुनी. तर तिथून सुरुवात करून डिस्कच्या सिरियल नंबरपर्यंत आणि खणापर्यंत कसं पोचायचं ते बघू. सगळं लिनक्सवरचं आहे आणि बहुतेक कमांड्सना रूट, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार, लागतो.

आधीच सांगून ठेवतो, कमांड्स इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी अक्षरात टाकायच्या. एलएसबीएलके म्हणजे एल-एस-बी-एल-के अशी सुटी अक्षरं सलग, आणि उभी रेघ, डॅश, स्लॅश जसेच्या तसे.

आधी मशीन खरं आहे का ते बघा

हसू नका, पण पहिली कमांड हीच:

सिस्टमडी-डिटेक्ट-व्हर्ट

उत्तर "नन" आलं तर खरं लोखंड. केव्हीएम, व्हीएमवेअर वगैरे आलं तर तुम्ही व्हर्च्युअल मशीनमध्ये बसलाय आणि तिथून खरी डिस्क सहसा दिसणारच नाही, मॉडेलच्या जागी "क्यूईएमयू हार्डडिस्क" किंवा "व्हर्च्युअल डिस्क" असलं काहीतरी येईल. मग पुढचं सगळं होस्टवर, म्हणजे ते ज्या खऱ्या मशीनवर चालतंय तिथे, जाऊन करायचं.

खरं मशीन असेल तर त्याची ओळख लगेच लिहून घ्या:

डीएमआयडीकोड -एस सिस्टम-प्रॉडक्ट-नेम
डीएमआयडीकोड -एस सिस्टम-सिरियल-नंबर

मॉडेल कळलं की अर्धा अंदाज येतो. डेलचा पॉवरएज असेल तर कार्ड बहुतेक पर्क, एचपीचा प्रोलायंट असेल तर स्मार्ट अ‍ॅरे, सुपरमायक्रो असेल तर काहीही निघू शकतं. पण हा अंदाजच, कारण कार्डं बदलली जातात.

कंट्रोलर (डिस्क सांभाळणारं कार्ड किंवा चिप) कुठला आणि त्याला चालवतंय कोण

एलएसपीसीआय -एनएन -के

याच्या आउटपुटमध्ये ग्रेप (मजकुरात शब्द शोधणारी कमांड) मारून "रेड", "सॅस", "साटा", "नॉन-व्होलटाइल" हे शब्द शोधा; सॅस आणि साटा या डिस्क जोडायच्या दोन पद्धती, आणि नॉन-व्होलटाइल म्हणजे एनव्हीएमई. एनएन मुळे नावाबरोबर व्हेंडर आणि डिव्हाइसचे आकडे पण येतात, आणि के मुळे खाली "कर्नल ड्रायव्हर इन यूज" अशी ओळ येते. लोक वरची नावाची ओळ वाचून थांबतात, पण कामाची ओळ ड्रायव्हरची आहे. का ते सांगतो.

एलएसआयची सॅस-३००८ चिप घ्या. हीच चिप डेलच्या पर्क एच३३० वर आहे आणि हीच ९३००-८आय या साध्या एचबीए कार्डवर पण आहे. पहिल्यात रेडचं फर्मवेअर असतं आणि ड्रायव्हर लागतो मेगारेड_सॅस, दुसऱ्यात डिस्क थेट पुढे पाठवणारं फर्मवेअर असतं आणि ड्रायव्हर लागतो एमपीटी३सॅस. चिप सारखी पण वागणं पूर्ण वेगळं, एकात ऑपरेटिंग सिस्टमला कार्डाने बनवलेला व्हॉल्यूम, म्हणजे आभासी डिस्क, दिसतो, दुसऱ्यात खऱ्या डिस्क.

ड्रायव्हरवरून असं ओळखायचं: मेगारेड_सॅस दिसला तर एलएसआय घराण्याचं रेड कार्ड, डेलची बहुतेक पर्क कार्डं यातच येतात. एमपीटी३सॅस म्हणजे सहसा एचबीए. एचपीएसए म्हणजे एचपीचं स्मार्ट अ‍ॅरे, पी४२०आय, पी४४०एआर त्या काळातलं, आणि स्मार्टपीक्यूआय म्हणजे त्याच्या नंतरची पिढी, पी४०८आय-ए वगैरे. एएसीरेड म्हणजे अ‍ॅडाप्टेक. एएचसीआय म्हणजे मदरबोर्डवरचा साधा साटा आणि एनव्हीएमई म्हणजे थेट पीसीआय एक्सप्रेसला जोडलेली एसएसडी. फार जुन्या मशीनवर ३डब्ल्यू-९एक्सएक्सएक्स दिसला तर ते ३वेअर कार्ड, तेव्हा आधी बॅकअप बघा मग बाकीचं.

नावांचा गोंधळ पण लक्षात असू द्या. एलएसआय कंपनी २०१४ मध्ये अवागोने घेतली, मग २०१६ मध्ये अवागोने ब्रॉडकॉम घेऊन तेच नाव लावलं, त्यामुळे एकाच जातीचं कार्ड कुठे एलएसआय, कुठे अवागो, कुठे ब्रॉडकॉम म्हणून दिसतं. अ‍ॅडाप्टेकचं पण तसंच, पीएमसी-सिएरा, मग मायक्रोसेमी, मग २०१८ पासून मायक्रोचिप. टूल शोधताना या सगळ्या नावांनी शोधावं लागतं.

कार्डाचं विक्रीचं नाव हवं असेल तर एलएसपीसीआय ला -व्ही द्या आणि "सबसिस्टम" ची ओळ वाचा, वर नुसतं चिपचं नाव असलं तरी खाली "पर्क एच७३०" असं स्पष्ट लिहिलेलं असतं. नाव न येता नुसता आकडा आला तर मशीनवरची यादी जुनी आहे, अपडेट-पीसीआयआयडीज चालवून परत बघा.

आणि एक सापळा. "रेड बस कंट्रोलर" लिहिलंय आणि ड्रायव्हर मात्र एएचसीआय आहे, असं दिसलं की तो मदरबोर्डवरचा नावापुरता रेड असतो, खरं काम प्रोसेसर आणि सॉफ्टवेअर करतं. इंटेलचा चिपसेटवाला रेड यातला. डेलची एस ने सुरू होणारी पर्क, म्हणजे एस१३०, एस१४०, आणि एचपीचं बी१४०आय हीसुद्धा सॉफ्टवेअरवालीच मंडळी आहेत. अशा ठिकाणी वेगळी बॅटरी-कॅश वगैरे शोधत बसू नका.

ऑपरेटिंग सिस्टमला काय दिसतंय

एलएसबीएलके -डी -ओ नेम,साइझ,रोटा,ट्रान,व्हेंडर,मॉडेल,सिरियल,डब्ल्यूडब्ल्यूएन,एचसीटीएल

डी मुळे पार्टिशन गाळली जातात आणि फक्त मूळ डिव्हाइस राहतात. आता मॉडेलचा कॉलम वाचा. तिथे "एसटी४०००..." किंवा "एमझेड७..." असं डिस्क कंपनीचं मॉडेल असेल तर तुम्हाला खरी डिस्क दिसतेय. तिथे "पर्क एच७१०", "एमआर९३६१-८आय" किंवा "लॉजिकल व्हॉल्यूम" असं कार्डाचं नाव असेल तर ती डिस्क नाहीच, तो कार्डाने पुढे केलेला व्हॉल्यूम आहे आणि त्याच्या मागे दोन डिस्क आहेत की बारा हे या कमांडला कळत नाही. सिरियलच्या कॉलममध्ये जे येतं ते पण व्हॉल्यूमचं असतं, डिस्कवरच्या स्टिकरशी ते कधीच जुळणार नाही, यावर लोकांचे तास जातात.

रोटा मध्ये १ म्हणजे फिरणारी, ० म्हणजे एसएसडी. हे थेट लावलेल्या डिस्कला बरोबर असतं, रेड कार्डामागे मात्र बिनधास्त खोटं निघू शकतं, आत सगळ्या एसएसडी असून १ दिसतो. ट्रान मध्ये रेड व्हॉल्यूमला बहुतेकदा काहीच येत नाही. एचबीएला लावलेल्या साटा डिस्कला तिथे सॅस दिसतं कारण रस्ता सॅसचा आहे, डिस्क साटाची आहे हे कळायला एलएसएससीएसआय चालवा, त्यात व्हेंडरच्या जागी "एटीए" आलं की ती साटा.

साइझवरून अंदाज बांधायचा मोह होतो. एलएसबीएलके १०२४ च्या हिशोबाने दाखवतं म्हणून ४ टीबीची डिस्क ३.६ दिसते. आता १८.२ दिसलं तर तो ४ टीबीच्या सहा डिस्कांचा रेड-५ असू शकतो, किंवा २० टीबीची एकच डिस्क. म्हणून साइझ फक्त शंका घ्यायला वापरा.

एसडीए, एसडीबी ही नावं कागदावर लिहून ठेवू नका. रीबूट झाला, एखादी डिस्क उशिरा उठली की नावं सरकतात. टिकाऊ नावं हवी असतील तर /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी या डिरेक्टरीत बघा, तिथे मॉडेल आणि सिरियल जोडून नाव केलेलं असतं, आणि बाय-पाथ मध्ये कुठल्या पोर्टला लावलंय ते.

सॉफ्टवेअर रेड आहे का

कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट

एमडी० वगैरे दिसलं तर लिनक्सचा स्वतःचा रेड आहे. चौकटी कंसात [यूयू] म्हणजे दोन्ही ठीक, [यू_] म्हणजे एक गायब. सदस्याच्या नावापुढे एफ असेल तर ती फेल झालेली. तिथे एसडीबी१[१] असा जो आकडा असतो तो म्हणजे अ‍ॅरेमधली जागा असं समजू नका, डिस्क बदलली की तो २, ३ असा पुढे जातो आणि [यू_] मधल्या जागेशी जुळत नाही. नीट बघायचं तर:

एमडीएडीएम --डिटेल /डेव्ह/एमडी०

यात "रेडडिव्हाइस" कॉलम खरी जागा सांगतो. इंटेलचा चिपसेट रेड पण इथेच दिसतो, त्याच्या मेटाडेटाचं नाव आयएमएसएम, आणि बोर्डाला काय काय झेपतं ते एमडीएडीएम --डिटेल-प्लॅटफॉर्म सांगतं. झेडएफएस असेल तर झेडपूल स्टेटस, बीटीआरएफएस असेल तर बीटीआरएफएस फाइलसिस्टम शो, एलव्हीएमवर मिरर केलं असेल तर एलव्हीएस -ओ +डिव्हाइसेस,सेगटाइप. हे सगळं एकदा बघून घ्याच, कारण हार्डवेअर रेडच्या व्हॉल्यूमवर परत सॉफ्टवेअर रेड लावलेले सर्व्हर मी पाहिलेत आणि ते कुणी का केलं असेल याचं उत्तर कधी मिळत नाही.

कार्डाच्या मागे डोकावणं: स्मार्टसीटीएल

कंपनीचं टूल नसलं तरी स्मार्टमॉनटूल्स पॅकेज बहुतेक ठिकाणी मिळतं आणि ते कार्डामागच्या डिस्कशी थेट बोलू शकतं.

स्मार्टसीटीएल --स्कॅन

मेगारेड असेल तर यात /डेव्ह/बस/० च्या पुढे "-डी मेगारेड,८" अशा ओळी येतात, एकेका डिस्कची एकेक. तोच आकडा घेऊन:

स्मार्टसीटीएल -आय -डी मेगारेड,८ /डेव्ह/एसडीए

आणि आता पहिल्यांदा खऱ्या डिस्कचं मॉडेल, सिरियल नंबर, फिरण्याचा वेग, फर्मवेअर हे सगळं समोर येतं. हे आकडे ० पासून सलग असतीलच असं नाही, ८, ९, ११, १४ असे पण येतात, म्हणून स्कॅन काही देत नसेल तर ० ते ३१ लूप लावून विचारून बघा, नुसतं वाचणं आहे, काही बिघडत नाही. एचपीच्या कार्डाला -डी सीसीआयएसएस,० असं लागतं आणि तिथे ० पासून मोजत जायचं, एसडीए चालत नसेल तर एलएसएससीएसआय -जी मध्ये कंट्रोलरच्या ओळीत जो एसजी० वगैरे येतो तो द्या. अ‍ॅडाप्टेकला -डी एएसीरेड च्या पुढे होस्ट, लन, आयडी असे तीन आकडे लागतात.

आय च्या जागी छोटा ए दिला की तब्येत पण कळते. साटाला ५, १९७ आणि १९८ नंबरचे अ‍ॅट्रिब्यूट बघा, म्हणजे बदललेले सेक्टर, अडकलेले सेक्टर आणि वाचता न आलेले. १९९ वाढत असेल तर डिस्क बदलायच्या आधी केबल किंवा बॅकप्लेन (खणांमागची, डिस्क जिच्यात खोचतात ती पाटी) तपासा, तो डेटाच्या वाटेतला घोळ असतो. सॅस डिस्कला हे नंबरच नसतात, तिथे "ग्रोन डिफेक्ट लिस्ट" चा आकडा बघायचा.

एनव्हीएमईचं सगळं सोपं, एनव्हीएमई लिस्ट चालवलं की मॉडेल-सिरियल समोर, आणि एनव्हीएमई स्मार्ट-लॉग मध्ये "पर्सेंटेज यूज्ड" आणि "मीडिया एरर्स". एलएसपीसीआयमध्ये १०००० ने सुरू होणारे लांब पत्ते दिसले तर इंटेलचं व्हीएमडी (एनव्हीएमई डिस्क सांभाळायची सोय) चालू आहे, घाबरायचं काही नाही.

कंपनीचं टूल, कारण खण नंबर तेच सांगतं

सिरियल मिळाला तरी ती डिस्क कुठल्या खणात आहे हे कार्डालाच माहीत असतं. मेगारेडसाठी स्टोअरसीएलआय, पर्कसाठी पर्कसीएलआय, दोघांची भाषा एकच. बहुतेक वेळा ते /ऑप्ट/मेगारेड/स्टोअरसीएलआय मध्ये बसतं आणि पाथमध्ये नसतं, त्यामुळे "कमांड नॉट फाउंड" आलं म्हणून नाही असं समजू नका, ऑप्टमध्ये बघा.

स्टोअरसीएलआय६४ /सी० शो

एका पानात सगळं येतं: कार्ड, व्हर्च्युअल ड्राइव्ह, खऱ्या डिस्क. सी म्हणजे कंट्रोलर, व्ही म्हणजे व्हर्च्युअल ड्राइव्ह, ई म्हणजे एन्क्लोजर, एस म्हणजे स्लॉट. डिस्कांच्या तक्त्यात "ईआयडी:स्लॉट" हा खण आणि "डीआयडी" हा कॉलम म्हणजे स्मार्टसीटीएलला मेगारेडपुढे जो आकडा दिला तोच, या दोन कॉलमांनी सगळी जोडणी लागते. एन्क्लोजरचा नंबर २५२ दिसला तर डिस्क मधे एक्स्पांडर (एका जोडणीवर अनेक डिस्क लावू देणारी चिप) न लागता थेट कार्डाला आहेत. स्थितीत "ऑनएलएन" म्हणजे चालू, "यूगुड" म्हणजे चांगली पण वापरात नाही, "यूबॅड" आणि "ऑफएलएन" म्हणजे गडबड, "आरबीएलडी" म्हणजे रिबिल्ड चालू, म्हणजे बदललेल्या डिस्कवर डेटा परत भरला जातोय, "जीएचएस" आणि "डीएचएस" म्हणजे हॉट स्पेअर, म्हणजे राखीव डिस्क. व्हॉल्यूमला "ऑप्टल" ठीक, "डीजीआरडी" म्हणजे लंगडा.

सिरियलसकट हवं तर:

स्टोअरसीएलआय६४ /सी०/ईऑल/एसऑल शो ऑल

आणि कुठला व्हॉल्यूम म्हणजे एसडीए हे हवं तर /सी०/व्ही० शो ऑल मध्ये "ओएस ड्राइव्ह नेम" बघा. ती ओळ नसेल तर "एससीएसआय एनएए आयडी" घ्या आणि बाय-आयडी मधल्या डब्ल्यूडब्ल्यूएनशी (डिस्कचा किंवा व्हॉल्यूमचा एकमेव ओळख नंबर) ताडून बघा.

फक्त शो वापरा. त्याच टूलमध्ये डिलीट, इनिट, इरेज पण आहेत आणि ते फार कमी प्रश्न विचारतात. "फॉरेन कॉन्फिग" दिसली तर त्याला हात लावू नका, म्हणजे दुसऱ्या किंवा आधीच्या अ‍ॅरेची माहिती डिस्कवर आहे, क्लिअर केली तर कधी कधी डेटाची शेवटची वाट बंद होते.

एचपीसाठी एसएसएसीएलआय, जुन्या मशीनवर त्याचीच नावं एचपीएसएसएसीएलआय आणि त्याआधी एचपीएसीयूसीएलआय:

एसएसएसीएलआय सीटीआरएल ऑल शो कॉन्फिग
एसएसएसीएलआय सीटीआरएल स्लॉट=० पीडी ऑल शो डिटेल

इथे डिस्कचा पत्ता १आय:१:३ असा येतो, म्हणजे पोर्ट, बॉक्स आणि खण, शेवटचा आकडा तुमच्या कामाचा. अ‍ॅडाप्टेकला एआरसीकॉन्फ गेटकॉन्फिग १, आणि एलएसआयच्या साध्या कार्डांना पिढीप्रमाणे सॅस२आयआरसीयू किंवा सॅस३आयआरसीयू ० डिस्प्ले.

खणाचा दिवा लावा

नंबर मिळाला तरी विश्वास ठेवू नका, कारण काही बॅकप्लेन शून्यापासून मोजतात आणि पेटीवर छापलेलं एकपासून असतं. दिवा लावा.

स्टोअरसीएलआय६४ /सी०/ई२५२/एस३ स्टार्ट लोकेट

बंद करायला स्टार्टच्या जागी स्टॉप. एचपीला पीडी १आय:१:३ मॉडिफाय एलईडी=ऑन. एचबीए किंवा साध्या साटाला लेडमॉन पॅकेजमधलं लेडसीटीएल लोकेट=/डेव्ह/एसडीसी, आणि बॅकप्लेनला हे समजत नसेल तर जुनी युक्ती, त्या डिस्कवरून वाचत राहायचं म्हणजे तिचा हिरवा दिवा सतत लुकलुकतो:

डीडी आयएफ=/डेव्ह/एसडीसी ओएफ=/डेव्ह/नल बीएस=१एम आयफ्लॅग=डायरेक्ट

आयएफ आणि ओएफ ची अदलाबदल झाली तर काय होईल ते सांगायला नको, म्हणून एंटर मारायच्या आधी परत वाचा. चालत असलेल्या सर्व्हरवर बाकीचे दिवे पण लुकलुकतात, तेव्हा थोडं चालू-थोडं बंद करून समोरच्या माणसाला फरक विचारा.

डिस्क पूर्ण मेलेली असेल तर ती दिवाही लावत नाही आणि सिरियलही देत नाही. अशा वेळी उलटं जायचं, जिवंत असलेल्या सगळ्यांचे सिरियल आणि खण लिहून काढायचे आणि जो खण उरतो तो. किंवा चांगल्या सगळ्यांचे दिवे लावायचे आणि अंधारातली काढायला सांगायची. यासाठीच मी म्हणतो की सगळं ठीक चाललंय तेव्हाच ही यादी काढून सर्व्हरच्या बाहेर कुठेतरी ठेवावी, त्याच सर्व्हरवर ठेवली तर नको त्या वेळी वाचता येत नाही.

ओढायच्या आधी तीन गोष्टी बघा: दुसरं कुठलं रिबिल्ड चालू नाही ना, दुसऱ्या कुठल्या डिस्कवर मीडिया एरर वाढत नाहीयेत ना, आणि बॅकअप खरंच आहे ना. सॉफ्टवेअर रेड असेल तर आधी एमडीएडीएमने --फेल आणि --रिमूव्ह. मग माणसाला खण नंबर आणि सिरियलचे शेवटचे चार आकडे दोन्ही सांगा आणि डिस्क हातात आल्यावर स्टिकरवरचे आकडे वाचून दाखवायला लावा. जुळले नाहीत तर डिस्क उगाच घाईघाईने परत आत ढकलू नका, आधी कार्ड काय म्हणतंय ते शो करून बघा, कारण परत घातलेल्या डिस्कला ते फॉरेन म्हणू शकतं. जुळले तर नवीन डिस्क घाला, रिबिल्ड सुरू झालं का बघा आणि यादीत जुन्या सिरियलच्या जागी नवा लिहा.